आमटीवरून निवडलेले कोऑर्डिनेटर

माणसं पारखायचं खातं देवानं उद्या रिकामं केलं, तर त्या खुर्चीवर हक्क सांगायला सगळ्यांत आधी आमचे साडू पोहोचतील, आणि मुलाखतीत नापास होऊन परत येतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. दिवसभर एका फौंड्रीत कॉम्प्युटर सांभाळायचे आणि संध्याकाळी घरी येऊन विरंगुळा म्हणून पुन्हा कॉम्प्युटरच सांभाळायचे, असा त्यांचा दिनक्रम. फौंड्रीतलं काम पोटासाठी. घरचं कशासाठी, हे अक्कांना अजून कळलेलं नाही. ते सॉफ्टवेअर फुकटचं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं आणि दुरुस्त करणाऱ्याला चहासुद्धा विचारू नये. याला ओपन सोर्स म्हणतात, हे मला साडूंनी सांगितलं. अक्का त्याला नसती उठाठेव म्हणतात, आणि दोन्हींत अक्कांचा शब्द मला जास्त पटतो.

या उठाठेवीत दर उन्हाळ्यात एक इंटर्नशिप असते. आमच्या भागातली कॉलेजातली पोरं घरी बसून त्या सॉफ्टवेअरवर काम करतात आणि जगात कुठंतरी बसलेले मेंटॉर त्यांना शिकवतात. पोरगं अडलं की लाजून गप्प बसतं. मेंटॉर स्वतःच्या नोकरीत गुंतून गप्प बसतो. या दोन गप्प माणसांच्या मधे उभं राहून दोघांनाही बोलतं करायला जो लागतो, तो कोऑर्डिनेटर. बिनपगारी आणि फुल अधिकारी. आमच्या भागासाठी असे अधिकारी निवडायचं काम साडूंकडे होतं आणि त्यांतले सगळ्यांत जुने अधिकारी ते स्वतःच.

निवडायची त्यांची पद्धत ऐकून शहाण्या माणसानं कपाळावर हात मारावा. अर्जांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "पावणं, अर्जात समदीच शाणी असत्यात," ते मला सांगायचे. "माणूस कळतोय त्यो पंगतीत वाढताना." आणि हे नुसतं बोलून थांबणारे ते नव्हेत. माघी गणेश जयंतीला त्यांच्या गल्लीत महाप्रसाद असतो. उमेदवारांना ते त्या दिवशी बोलवून घ्यायचे. चांगली इंजिनियरिंगची पोरंपोरी कडक इस्त्रीचे कपडे घालून, लॅपटॉप पाठीला लावून यायची, आणि साडू त्यांच्या हातात आमटीची बादली द्यायचे. कोण ताट बघून वाढतो, कोण तोंड बघून वाढतो, कुणाला पंगतीच्या टोकाला बसलेला माणूस दिसतो, हे स्वतः खांबाला टेकून बघत राहायचे. मला शेजारी उभं करायचे, कारण एवढा थोर शोध ऐकून घ्यायला दुसरं कुणी तयार नसायचं.

आजऱ्याचा एक मुखदुर्बळ मुलगा एकदा वाढता वाढता थेट मांडवाबाहेर गेला. तिथं बँडवाले ताटं घेऊन बसले होते, त्यांच्याकडे कुणीच फिरकलं नव्हतं. साडूंनी माझा दंड असा दाबला की मला वाटलं यांना काही झालं. "ह्यो! ह्यो आपला कोऑर्डिनेटर!" आणि कबूल करायला हवं, त्या उन्हाळ्यात त्या मुलानं एकाही पोराला वाऱ्यावर सोडलं नाही. पण म्हणून पद्धत अचूक होती असं कुणी समजू नये. पुढच्या साली एका मुलानं इतकं सुरेख वाढलं की साडू अक्षरशः हरखले. भातावर खड्डा, खड्ड्यात आमटी, खाली एक थेंब नाही. तो मुलगा इंटर्नशिप सुरू झाल्याबरोबर फोन बंद करून जो गेला तो गेलाच. चौकशीअंती कळलं की त्याच्या वडिलांचा केटरिंगचा धंदा होता. साडू हळहळले, पण पद्धतीवर नव्हे. "केटरर चालत न्हाय, हे आधी इचारून घ्याला पायजे हुतं," एवढीच त्यांनी त्यात सुधारणा केली.

आणि एक चटपटीत तरुण होता. बुंदीचं ताट घेऊन तो मंडळाच्या अध्यक्षांभोवतीच घिरट्या घालत होता. साडूंनी त्याला तोंडावर सांगितलं, "तुमी मोठ्यांच्या ताटाभवती फिरतासा. तुमच्या हाताखाली आमची पोरं उपाशी मरतील की." असं कुणी सांगतं का? मनात ठेवावं, दुसरं कारण द्यावं. पण कोल्हापुरी माणूस गोड बोलायला गेला की त्याच्या पोटात दुखतं. तो तरुण हसून निघून गेला, आणि अशी माणसं जिथं पोहोचतात तिथंच पोहोचला, म्हणजे सगळ्या कार्यक्रमाच्या वरच्या समितीत.

यंदा समितीनं ठरवलं की निवड शास्त्रशुद्ध व्हायला हवी. जुन्या कोऑर्डिनेटरांनीही नव्यानं अर्ज करायचे, आणि निवडणाऱ्यांनी आपले निकष कळवायचे. साडूंनी प्रामाणिकपणे इंग्रजीत कळवलं की उमेदवाराला आमटी नीट वाढता आली पाहिजे. समितीच्या ऑनलाइन बैठकीत त्या तरुणानं ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. जगभरातली नाही, पण पाचसहा गावांतली माणसं तरी साडूंच्या देखत पोट धरून हसली. आजऱ्याचा तो मुलगाही आता समितीत होता. तो हसला नाही. काही बोललाही नाही. पंगतीत बँडवाले दिसणारी नजर बैठकीत कुठं जाते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

मग साडूंची मुलाखत झाली. पुढच्या पाच वर्षांत स्वतःला कुठं पाहता, असं विचारल्यावर ते म्हणाले, "हितंच की. कुठं जाऊ?" नेतृत्वगुणांत ते कमी पडले. नकाराचा मेल इतका सभ्य होता की वाचताना माझं डोकं फिरलं. साडू मात्र म्हणाले, "नव्या मानसास्नी संधी मिळाया पायजे." पण त्यांचं जेवण कमी झालं. संध्याकाळी कॉम्प्युटर न उघडता ते नुसते गॅलरीत बसायला लागले. अक्का, ज्यांनी इतकी वर्षं त्या कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, त्याच मला फोन करून म्हणाल्या, "भावजी, येऊन जावा की. ह्यांना काय सुचंना झालंय."

मी गेलो. चहा घेत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. इचलकरंजीची कुणी मुलगी होती, यंदाची इंटर्न. पलीकडे यंत्रमागांचा एवढा खडखडाट की साडूंनी फोन स्पीकरवर टाकला. तिचं काम अडलं होतं आणि मेंटॉर उत्तर देत नव्हता.

"बाळ, मी आता कोण न्हाय," साडू म्हणाले. "माज्या जागी नव्या कोऑर्डिनेटर मॅडम हायत न्हवं? त्यास्नी इचार."

"इचारलं की सर. त्याच म्हणाल्या, सरांना फोन कर, त्यास्नी समदं म्हाईत असतंय."

मी हातानं खूण केली, ठेवा फोन. मला वाटलं, आता तरी या माणसाला राग येईल. पद काढून घ्यायचं आणि काम तेवढं ठेवायचं, याला कोल्हापुरात जे शब्द आहेत ते सगळे माझ्या ओठांवर आले होते. पण साडूंचा चेहरा खुलला. इतक्या स्वस्तात खूश होणारी माणसं आहेत, म्हणून तर असल्या समित्यांचं फावतं.

"पावणं, बसा हां जरा," म्हणत ते आत गेले. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठाठेवीचं नाव न काढता साडूंचा गार झालेला चहा तापवायला उचलला. आतून साडूंचा आवाज येत होता, "हां, आता सांग. पयल्यापासनं सांग. घाई न्हाय मला."