आंब्यापासून चाळीस पावलं

गास गावात काळूराम राहतात ती इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. पूर्वी इथे भात व्हायचा, बांधावर वांगी, आणि मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं लहानसं तळं. खाडी जवळ, त्यामुळे आजूबाजूला कुठेही खणलं तरी पाणी खारट. गोडं लागायचं ते फक्त बावखलाच्या काठाला. जमीन बिल्डरला दिली तेव्हा ते बुजवलं गेलं. मोबदल्यात तिसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट मिळाले. एकात मुलगा चिराग राहतो, दुसऱ्यात काळूराम आणि धोंडूबाई.

मार्चमध्ये टँकरवर भागेना, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी सिद्धेश वर आला.

"काका, बोअर मारतोय. मशीन एकच दिवस मिळालंय. गोडं पाणी कुठे लागेल, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

कितीतरी वर्षांनी कुणी त्यांना काही विचारत होतं. इस्त्रीचा सदरा घालून ते खाली उतरले. कुंपणाशी जुना आंबा तेवढा उरला होता. त्याला पाठ लावून ते खाडीच्या दिशेने चालू लागले. आंब्यापासून चाळीस पावलं; बावखलातून हंडे भरून आणताना आयुष्यभर चाललेलं अंतर. चाळिसाव्या पावलाला ते थांबले. म्हणाले, "हितंच."

दुपारी पाणी उसळलं. सिद्धेशने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली.

"खारट आहे, काका."

काळूराम जिना चढून वर आले.

धोंडूबाई भाकरी थापत होत्या. "खिडकीतून बघत होते मी. गोठ्याच्या जागेवर उभे राहिलात."

"चाळीस पावलं मोजली मी."

"मोजलीत. पन पाऊल केवढं झालंय तुमचं? पूर्वी तुमच्या मागं मला पळायला लागायचं. आता तुमी टेबलाशी येईपर्यंत चहा निवतो."

"मग वरून हाक मारायची."

"एवढ्या मानसांत?"

संध्याकाळी दोघं खाली गेली. मशीन निघून गेलं होतं, मागे नुसता राखाडी चिखल. धोंडूबाई आंब्यापासून निघाल्या त्या न मोजता, कुठेही न बघता. काळूराम मागून मोजत होते. चाळिसाला बोअरचा पाइप आला. त्या थांबल्या नाहीत. त्रेसष्टाला पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधे, खांबाजवळ त्या उभ्या राहिल्या.

"हितं."

सिद्धेश स्कूटर काढत होता. "तिथे कसं खणणार, आजी? वर अख्खी बिल्डिंग आहे."

"तर काय," धोंडूबाई म्हणाल्या.

स्कूटर गेली. काळूराम फरशीकडे बघत राहिले. चिराग इथेच पोहायला शिकला होता. तेलाचा एक डाग होता, त्यावर कुणीतरी वाळू टाकली होती. काहीतरी वाटेल म्हणून ते थोडा वेळ थांबले.

फाटकाशी टँकरचा हॉर्न वाजला.

"चल," ते म्हणाले, "बादल्या लावायच्यात."