गेट हिरवं होतं की निळं

म्हातारी माणसं जमली की आधी भांडणं होतात. किस्से नंतर, लिफ्टने खाली जाताना. आमच्या डोंबिवलीच्या घरात हल्ली दर रविवारी भांडण असतं, त्यामुळे माझ्याकडे एवढा माल साचलाय की आता कुणाला तरी सांगायलाच हवा.

मंडळी चार. माझे बाबा, सावंतकाका, सावंतकाकू आणि राणेकाका. सगळे कल्याणजवळच्या मोहन्याच्या एका कारखान्याच्या कॉलनीतले. कारखाना बंद पडला, कॉलनी उठली, सगळे पांगले. राणेकाका दिवा स्टेशनजवळ, सावंत घोडबंदर रोडला मुलाच्या टॉवरमध्ये.

राणेकाकांना काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. तेव्हा काका बाबांना म्हणाले, "आहे तोवर एकदा कॉलनी बघायचीय रे."

बाबांनी लगेच जाहीर केलं, यंदा घरच्या गणपतीला देखावा आपल्या कॉलनीचा! करणार कोण? मी. इंजिनिअरिंग सोडून घरी बसलेल्या पोराला वेळच वेळ, नाही का!

* * *

पुठ्ठा कापला, पहिलं गेट केलं. रंग कोणता?

"हिरवा," बाबा म्हणाले.

"निळा!" सावंतकाका. "जन्म गेला त्या गेटातून जाण्यात, मला शिकवतोस?"

इतकं पेटलं की पुढच्या रविवारी दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. शेवटी काकूंनी कुठल्याशा पेटीतून फोटो शोधून आणला. गेटसमोर अख्खी कॉलनी उभी. सगळे तुटून पडले.

फोटो ब्लॅक अँड व्हाइट!

सावंतकाकांनी तो डोळ्यांजवळ धरला. "हे बघ. निळं!"

बाबांनी हिसकावून घेतला. "हिरवं स्पष्ट दिसतंय!"

मी एक दार हिरवं रंगवलं, एक निळं. आता दोघंही माझ्यावर नाराज आहेत.

* * *

त्याच फोटोत मागे पाण्याची टाकी आहे, असं चौघंही छातीठोकपणे सांगत होते. टाकीवर बसलेले कावळेसुद्धा आठवत होते त्यांना. प्रत्यक्षात फोटो सावंतकाकूंच्या कोपरापाशी संपतो. टाकी नाही, कावळे नाहीत.

बाबांनी फोटो उलटा करून बघितला. मग म्हणाले, "कुणीतरी कापलाय."

मी म्हटलं, कुणी कापला नाहीये. आपल्याला फोटो असतो त्यापेक्षा मोठाच आठवतो. कडेच्या पलीकडचं मेंदू स्वतःच जोडून टाकतो आणि वर म्हणतो, हे पण फोटोतच होतं!

"कॉलेज सोडून हे वाचत बसतोस?"

"कॉलेज सोडलंय बाबा, वाचणं नाही!"

काकूंनी निकाल दिला. "टाकी होती ना तिथे? मग फोटोत नसली म्हणून काय झालं!"

* * *

"मैदान केवढं होतं?" मी विचारलं.

"अफाट!" तिघा पुरुषांचं पहिल्यांदा एकमत झालं.

मी मोबाइलवर सॅटेलाइटचं जुनं चित्र काढलं, मोजलं आणि दाखवलं. अफाट मैदानात धड एक क्रिकेटचं पिच बसलं नसतं.

सावंतकाकांनी मोबाइल हातात घेऊन बघितला. मग सावंतकाका म्हणाले, "अरे, तो वरून बघतो. एवढ्या उंचावरून लहानच दिसणार!"

हा माणूस दहावीला माझी भूमिती घ्यायचा. मी उगाच इंजिनिअरिंग सोडलं नाही!

* * *

मैदान लहान केल्याचा राग बाबांनी माझ्यावर काढला. "तू आम्हाला आठवणी शिकवू नकोस. मला सगळं आठवतं. कॉलेज सोडलं म्हणून सांगायला आलास तेव्हा दारात उभा होतास. चेक्सचा शर्ट, खांद्याला बॅग, मान खाली. आत्ता डोळ्यांसमोर आहेस!"

"बाबा, मी फोनवर सांगितलेलं. हॉस्टेलवरून."

बाबा थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बरं. पण शर्ट चेक्सचाच होता."

होता! आता ते यांना कसं कळलं, मला विचारू नका.

* * *

गणपती जवळ आले तरी देखावा अर्धाच. एका रविवारी काकूंनी चहा दिला आणि राणेकाकांचा हात कपाच्या बाजूने हवेतच फिरला. मग माझंच डोकं सटकलं.

"तुम्ही गेटाच्या रंगावर भांडत बसा! ज्याच्यासाठी करतोय त्यालाच दिसायचं बंद होईल. अक्कल गहाण टाकलीय का सगळ्यांनी?"

सगळ्यांनी कप खाली ठेवले. बाबांनीसुद्धा!

राणेकाका म्हणाले, "ओरडू नकोस रे. चल, मी दाखवतो काय कुठे होतं ते."

मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर खडूने गेटपासून काकांच्या दारापर्यंतचा रस्ता खऱ्या मापाने आखला. काकांना रेघा दिसत नव्हत्या. त्यांना गेटापाशी नेऊन उभं केलं. "काका, हे गेट." त्यांनी माझा हात सोडला.

आणि निघाले! दिव्याला स्वतःच्या गल्लीत भिंत चाचपत चालणारा माणूस, भरभर. बरोबर वळणावर वळले. मध्येच एका ठिकाणी वाकले, पुढे जाऊन सरळ झाले, थांबले आणि चपला काढल्या. मी आखलेल्या दाराच्या बरंच अलीकडे.

"राण्या, दार पुढे आहे!" सावंतकाका ओरडले.

"माझं दार मला सांगतोस?"

मी खाली बसून माझं दार पुसलं आणि त्यांच्या चपलांपाशी नवीन आखलं. मग विचारलं, "काका, मध्येच वाकलात कशाला?"

"मी? कुठे वाकलो?"

नवीन दार बघायला बाबा निघाले. त्याच जागी वाकले. मागोमाग सावंतकाका. तेही वाकले. तिथे काही म्हणजे काहीच नव्हतं, नुसतं सकाळचं ऊन.

शेवटी सावंतकाकू आल्या. त्या नाही वाकल्या. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी एक हात वर केला, दोरीवरची ओली साडी उचलावी तसं काहीतरी उचलून धरलं, खालून पलीकडे गेल्या आणि अलगद सोडून दिलं.