राहिलेला अर्धा उपदेश

शमुवेल मास्तर सात आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, पुंडलिकनगरातल्या राहत्या घरी वारले. फुप्फुसं निकामी झाली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर उस्मानपुऱ्यातल्या आमच्या छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते महिन्यातून एकदा उपदेश करत. मी त्यांचा शाळेतला विद्यार्थी, आता एका वृत्तपत्रात काम करतो.

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतल्या उपदेशकांचा त्यांचा अभ्यास होता. तेव्हा ज्यांना पाखंडी ठरवलं, त्यांचं लिखाण बहुतेक नष्ट झालं. त्यांचं म्हणणं आज कळतं ते विरोधकांनी केलेल्या खंडनातून, हे मास्तर वारंवार सांगत. म्हणून त्यांची स्वतःची रीत वेगळी होती. आधी पाखंड्याची बाजू आपलीच असल्यासारखी मांडायची, एकही शब्द पातळ न करता. मग तिला उत्तर द्यायचं.

गेल्या वर्षी एका रविवारी त्यांनी घेतलेलं मत असं: येशूचं शरीर हा नुसता भास होता, क्रुसावर त्याला दुखलंच नाही. वीस मिनिटं ते बोलले. उत्तराकडे वळताना धाप लागली आणि ते खाली बसले… पाळकांनी प्रार्थना करून उपासना संपवली. कुणीतरी मोबाईलवर टिपलेलं तेवढंच भाषण संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर गेलं. पुढच्या रविवारी आवारात एकानं विचारलं, "काय मास्तर, खिळे थर्माकोलचे होते व्हय?" लोक हसले. त्याच आठवड्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी मास्तरांना बोलावलं.

"तुम्ही बोलले ते मोबाईलमध्ये हाय, मास्तर."

"अर्धंच हाय. एक रविवार द्या, उरलेलं सांगतो."

"लेखी द्या. उपदेशाला पुलपीट नाय मिळणार."

मास्तरांनी लेखी दिलं नाही. जे मंडळीसमोर उभं राहून अपुरं राहिलं, ते तिथंच पुरं करायचं, हा त्यांचा हट्ट. उत्तराची चार पानं मात्र लिहून तयार ठेवली. आमच्या पेपरच्या पुरवणीत छापू, असं मी म्हटलं. "पेपरवाल्या, तुझे वाचक वाचतील रे. पण ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी हे ऐकायला पाहिजे." एका रविवारसाठी त्यांनी तीनदा अर्ज केला. एकालाही उत्तर आलं नाही.

शेवटच्या भेटीत ऑक्सिजन लावलेला होता. श्वास घेताना बरगड्या दुखत. "भास नाय रे हा," ते म्हणाले. "लई दुखतं…" पुढं बोलता आलं नाही.

पंचांनी दफनाला हरकत घेतली नाही. उपासना मात्र घरीच झाली. पेटी झाकण्याआधी त्यांच्या पत्नी रूथकाकूंनी ती चार पानं त्यांच्या हाताखाली सरकवली. "इथं कुणी ऐकलं नाय. तिथं वाचा," म्हणाल्या.

त्या पानांची दुसरी प्रत घरात सापडलेली नाही.