रांजणातली मालगुजारीण

वडशाच्या मालधक्क्यावर धानाची पोती मोजून घ्यायचं काम मी बरीच वर्षं केलं. त्या वर्षांत घरात काही पाळावं असं मला कधी वाटलं नव्हतं. मासे तर नाहीच. आमच्याकडे मासा तलावातून येतो आणि चुलीवर जातो, मध्ये त्याला कोणी काचेत ठेवत नाही.

आमच्या छोट्या लाईनवर एक बंगाली गार्डबाबू होता. त्याच्या खोलीच्या खिडकीत ओळीनं बाटल्या मांडलेल्या असत आणि प्रत्येकीत एकच मासा. लाल, निळे, लांब झुलत्या पंखांचे ते नर होते, लढाऊ जातीचे. दोन बाटल्यांच्या मध्ये तो पुठ्ठ्याचा तुकडा उभा करायचा, कारण एकमेकांना नुसतं पाहिलं तरी ते काचेवर धडका मारायचे. माद्यांना मात्र त्यानं एका बरणीत एकत्र ठेवलं होतं. त्यांचे पंख आखूड, रंग मातकट, पोटाखाली तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. कलकत्त्याच्या बाजारात त्यांना कोणी विचारत नाही, नरांबरोबर अशाच मिळतात, असं तो सांगायचा. पावसाळा संपता संपता त्याची बदली झाली. नर त्याने बरोबर नेले आणि पाच माद्यांची बरणी माझ्या हातात दिली. म्हणाला, "मादा लोग एक साथ रहेगा, बाबू. लेकिन पेट खाली नहीं रखना."

त्यातलं पहिलं वाक्य मला पटलं. दुसऱ्याकडे मी लक्ष दिलं नाही.

आमचं घर म्हणजे रेल्वेच्या चाळीतल्या दोन खोल्या आणि मागे थोडी मोकळी जागा. घरात आम्ही दोघंच. एक मुलगा झाला होता. तो बोबडं बोलायला लागला तेव्हाच थंडीतापानं गेला. त्यानंतर घरात आवाज कमी झाला होता आणि तो वाढवायचा कसा हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. बरणी घेऊन मी घरी गेलो तेव्हा बायकोनं आत डोकावून विचारलं, "हे खायाचे की पाहाचे?" पाहायचे, म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग जागा मोठी पाहिजे जी. बरणीत काय पाहाल?"

कंदिलांना डाख देणाऱ्या एका कारागिराकडून मी पत्र्याची चौकट करून घेतली, तिच्यात खिडकीच्या काचा बसवल्या आणि कडेनं लांबी भरली. पहिले काही दिवस पेटी गळली, मग थांबली. तळाशी नदीची वाळू घातली. माशांना वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो हे गार्डबाबूकडे पाहून ठाऊक होतं, म्हणून पाणी काठोकाठ भरलं नाही. पाची जणी मोकळ्या पाण्यात सोडल्या आणि आम्ही दोघं समोर बसलो.

त्यांच्यात एक अंगानं जाड होती. तिनं आधी सगळ्या पेटीला एक फेरी घातली. मग गालफडं फुगवून ती एकेकीच्या अंगावर जाऊ लागली. संध्याकाळपर्यंत सर्वांत लहान मासोळीच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. ती कोपऱ्यात फिकट पडून राहिली आणि तिच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा उमटल्या. पुढे मला कळलं की भ्यालेल्या मादीचं अंग असंच आडव्या रेघांचं होतं. हवा घ्यायला ती वर निघाली की जाडी तिला खाली दाबायची.

बायको थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सरकारनं मालगुजारी काढली म्हंतेत. आपल्या घरी तर मालगुजारीण येऊन बसली." मालगुजार म्हणजे आमच्याकडचा गावाचा जमीनदार; तेव्हापासून जाडीचं तेच नाव पडलं.

मी एकेक उपाय करू लागलो. तलावात ढीवर, म्हणजे मासेमार लोक शिंगाडे काढत होते. त्यांनी काठावर टाकलेले वेल मी धुऊन आणले. वरती पानांची चक्रं तरंगू लागली आणि खाली मुळ्यांची झुंबरं लोंबू लागली, त्यामुळे एकीला दुसरी दिसणं थोडं कमी झालं. छपराच्या फुटक्या कवेलूंचे तुकडे उभे-आडवे ठेवून आडोसे केले. मालगुजारणीला दोन दिवस लोट्यात ठेवून परत सोडलं, तर ती जरा वेळ नव्या सुनेसारखी अंग चोरून राहिली आणि मग पुन्हा मूळपदावर आली. तेव्हा मला गार्डबाबूचं दुसरं वाक्य आठवलं. मी त्यांना भाताची शितं आणि मुरमुऱ्यांचा चुरा घालत होतो आणि ते सगळं तळाशी कुजत होतं. त्या उपाशी होत्या.

मोरीच्या मागे एक तडकलेला रांजण पडला होता. त्यात पावसाचं पाणी साचून डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्यातल्या ओंजळभर मी फडक्यानं गाळून पेटीत घातल्या आणि पाची जणी भांडण विसरून खाऊ लागल्या. इतकं सोपं होतं ते. पोट भरलं की मालगुजारीणसुद्धा कवेलूखाली जाऊन पडायची आणि धाकटी निवांत वर येऊन घोट घेऊन जायची. मग मी रांजणाची काळजी घेऊ लागलो. पाणी आटलं की भर घालायची, मूठभर वाळली पानं, चिमूटभर शेण. हिवतापाच्या मुलखात, ज्या घरातलं लेकरू त्याच तापानं गेलं त्या घराच्या मागे, मी डास वाढवत होतो, आणि अळ्या भरपूर झाल्या की मला समाधान वाटत होतं. हे मला तेव्हा दिसलं नाही.

दिवाळीच्या आधी हिवतापवाल्यांची फवारणीची टोळी आमच्या चाळीत आली. त्यांच्या औषधानं मासे मरतील म्हणून मी पेटीचं बरंच पाणी काढून ती उचलली आणि ओल्या गोणपाटाखाली चिंचेच्या सावलीत नेऊन ठेवली. भिंती फवारून झाल्यावर टोळीबरोबरच्या इन्स्पेक्टरानं विचारलं की मागे कुठं साचलेलं पाणी आहे का. मी नाही म्हणालो. रांजणावर मी आधीच सूप पालथं घालून वर धानाच्या पेंढ्याची तणस टाकली होती. बायको दारात उभी होती. ती पाठ फिरवून आत गेली.

दिवाळी झाली आणि गावोगाव मंडया, म्हणजे नाटकांच्या जत्रा भरू लागल्या. बायकोचं माहेर धानोऱ्याच्या वाटेवर, जंगलाला लागून आहे. त्यांच्या गावच्या मंडईला ती दरवर्षी जाते, तशी गेली आणि आठवडाभरानं आली. आल्यावर काही दिवस ती चांगली होती. मग एका दुपारी धान पाखडता पाखडता तिला हुडहुडी भरली. घरात होती तेवढी पांघरुणं आणि वरून माझी घोंगडी घातली तरी तिचे दात वाजत होते. संध्याकाळी ताप चढला, नंतर घामानं अंग भिजलं आणि उतरला. दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा थंडी आली. पाळीचा ताप कसा येतो हे आमच्या घरात कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

मी तिच्या उशाशी बसलो होतो, आणि समोर खिडकीत त्या पाच जणी भरल्या पोटी फिरत होत्या. मी उठून पेटीवर फडकं टाकलं. मला एकच दिसत होतं, की ज्या डासानं हिला दंश केला तो माझ्या रांजणातून उडाला. एक जीव गेला तेव्हा मी दैवाला बोल लावला होता. आता ही गेली तर कोणाला लावणार होतो?

तिनं विचारलं, "पेटी काऊन झाकली?"

उजेड तुझ्या डोळ्यांवर येतो म्हणून, असं मी सांगितलं. हे दुसरं खोटं.

सकाळी मी इन्स्पेक्टराला बोलावून आणलं. तो नागपूरकडचा, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान माणूस. त्यानं तिच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते दोनदा सांगितलं. तो निघाला तेव्हा मी त्याला मोरीमागे नेलं, तणस बाजूला केली आणि सूप उचललं. त्या दिवशी मी खोटं बोललो, हे मीच वाढवलेत, माशांसाठी, असं सगळं त्याला सांगितलं. 

तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं एक पांढरी ताटली मागितली, रांजणातलं पाणी तिच्यात ओतलं आणि ताटली उन्हात धरून बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे दिली. "पाहा भाऊ. कशा लटकल्या आहेत?"

अळ्या शेपटी वर आणि डोकं खाली करून तिरप्या लोंबत होत्या.

"हिवतापाच्या डासाची अळी अशी लटकत नाई," तो म्हणाला. "ती पाण्याच्या वरच्या अंगाले आडवी पडून राह्यते, काडीसारखी. अन् तिले असं घाण पाणी चालत नाई, झऱ्याचं, धानाच्या बांधीचं पाणी पाहिजे. हे डास चावतीन, झोप मोडतीन. पण त्याइच्यानं बाईंचा ताप यायचा नाई."

मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं रांजणाच्या वेगवेगळ्या बाजूंनी पाणी काढून पुन्हा पाहिलं आणि तेच सांगितलं. मग आत येऊन त्यानं बायकोला विचारलं की पंधरवड्यामागे तुम्ही कुठं होतात. ती माहेरी होते म्हणाली. झोपायला कुठं, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं आधी माझ्याकडे पाहिलं.

मंडईत नाटक होतं. गर्दी इतकी की घरात निजायला जागा नव्हती. नाटक संपल्यावर ती आणि तिच्या बहिणी बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला लागून असलेल्या खळ्यावर, तणसीतच आडव्या झाल्या होत्या, त्याही नुसतं लुगडं अंगावर घेऊन. हे मला ती आल्यापासून सांगत नव्हती.

"मले वाटलं तुम्ही म्हणसाल, नाटक पाहाले गेली अन् ताप घेऊन आली," ती म्हणाली. "पुढच्या सालापासून जाऊ देसान नाई."

इन्स्पेक्टर हसू दाबत पिशवी आवरू लागला. मी मात्र रडलो. ती घाबरून उठून बसली, तेव्हा मी तिला पेटीवरच्या फडक्याचं खरं कारण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तुम्ही इतके दिवस मले त्या रांजणानं मारून राह्यले होते काय? अन् मी इथी माहेराले लपवून राह्यली होती." मग पाणी मागून तिनं पहिली गोळी घेतली आणि कडू म्हणून तोंड वाकडं केलं.

जाताना इन्स्पेक्टरानं एवढंच बजावलं की हिवतापाचे नसले तरी हे डासच आहेत, रांजण रिकामा करा. त्याला चहा देऊन निरोप दिला आणि मी रांजण उलटा करायला गेलो. तेवढ्यात बायको पांघरुणासकट मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"सांडता काऊन? मालगुजारणीले सोडा त्याच्यात. एकटीले मोठी जागा, अन् खायाले पोटभर. कोणाच्या अंगावर जाईन मंग?"

मला हे कसं सुचलं नव्हतं, नवल वाटतं. मी वरचं घाण पाणी बरंच काढलं, अळ्या तशाच ठेवल्या, विहिरीचं पाणी घातलं, ते उन्हात कोमट होऊ दिलं आणि मालगुजारणीला लोट्यातून आत सोडलं. ती बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रांजणात एक अळी राहिली नव्हती. रात्री गारठा पडायचा म्हणून रांजणावर गोणपाट टाकायचो आणि ऊन आलं की काढायचो. पुढे ती हिवाळाभर तिथंच राहिली आणि आमच्या मोरीमागे डास झाला नाही. काचेच्या पेटीत उरलेल्यांपैकी एकीनं लगेच थोरलेपण घेतलं, पण ती गालफडं फुगवण्यावरच भागवायची. त्यांना मी गांडुळाचे बारीक तुकडे घालू लागलो. धाकटीची शेपटी हळूहळू भरून आली.

पण हे सगळं पुढचं. मला सांगायचा आहे तो इन्स्पेक्टर येऊन गेल्यानंतरचा पहिला पाळीचा दिवस.

गोळ्या पोटात गेल्या होत्या, तरी थंडी येते की नाही हे त्या दुपारीच कळणार होतं. मी धक्क्यावरून रजा घेतली. जेवण झाल्यावर ती म्हणाली की आत बसून वाट पाहवत नाही. मी मागच्या अंगणात चटई टाकली, घोंगडी घडी करून तिच्या मांडीवर ठेवली आणि आम्ही रांजणाजवळ बसलो. थंडी येण्याची वेळ जवळ आली तशी ती आपल्या नखांकडे पाहू लागली, कारण आधी नखं निळी पडायची. मीही तिच्या नखांकडे पाहत होतो. 

तेवढ्यात मालगुजारीण वर आली. तोंड पाण्याबाहेर काढून तिनं हवेचा घोट घेतला, आम्हाला पाहून गालफडं फुगवली आणि खाली गेली. थोड्या वेळानं परत आली. बायकोनं पाण्यावर बोट धरलं, तर ती बोटावर चालून आली. "आता माह्याशी भांडाले पाहून राह्यली," ती म्हणाली आणि बोट इकडून तिकडे नेऊ लागली. मासोळी फुगून त्यामागे फिरू लागली. मग बायको तिच्या गावच्या नाटकाची गोष्ट सांगू लागली. राजाचं काम करणाऱ्याची मिशी भर सभेत गळून पडली आणि राणीनं ती उचलून त्याच्या हातात कशी दिली, हे तिनं उभं राहून करून दाखवलं. पुढच्या साली मीही मंडईला येईन आणि मच्छरदाणी घेऊन येईन, असं मी म्हणालो. खळ्यावर मच्छरदाणी लावली तर लोक नाटक सोडून तुमालेच पाहातीन, असं तिनं सांगितलं.

चिंचेची सावली भिंतीवरून सरकून चटईच्या पार गेली तेव्हा मालगाडीची शिटी ऐकू आली. ती गाडी चारनंतर येते. थंडी नेहमी त्याच्या कितीतरी आधी भरायची.

मी तिच्याकडे पाहिलं. तिलाही तेव्हाच कळलं असावं. तिनं आपला हात उलटा करून नखांकडे पाहिलं, मग हात माझ्यापुढे धरला. नखं गुलाबी होती. बोट ओलं होतं आणि त्याला शेवाळाचा हिरवा कण लागला होता.

"घोंगडी उचला जी," ती म्हणाली. "गरम होते."