उंचाचे हात की बुटक्याचे

मला बघायला आलेल्या माणसांनी माझ्याकडे जवळजवळ बघितलंच नाही, हे आता मी हसत हसत सांगते. त्या दिवशी मात्र मला काहीएक समजत नव्हतं.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहणार, असं जाहीर झालं त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही दादरला, ट्राम टर्मिनसच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, दादा परळच्या रेल्वे वर्कशॉपच्या ऑफिसात, आणि मी फोर्टमध्ये एका विमा कंपनीत टायपिस्ट. रोज कुठे मोर्चा, कुठे लाठीमार, कुठे अश्रुधूर. दादा सकाळी बाहेर पडला की घरी परतेपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसायचा. असल्या दिवसांत मुलगी दाखवायचा घाट घालू नये, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणाले, "मुलगा कॅनडात ट्रेनिंग घेऊन आलाय. असं स्थळ लाठीमार थांबेपर्यंत वाट बघत बसत नाही."

गिरगावातून तिघे आले. मुलाचे मामा, आणि त्यांच्याबरोबर साधारण एकाच वयाचे दोन तरुण. मुलाच्या आईला ताप होता म्हणून त्या येऊ शकल्या नव्हत्या. मी नारळाच्या वड्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, मामांनी हात करून "हा आमचा भाचा" म्हटलं, आणि नेमक्या त्याच वेळी खाली गल्लीतून "झालाच पाहिजे!" अशी आरोळी उठली. सगळ्यांनी खिडकीकडे माना वळवल्या. मामांचा हात दोघांच्या मधोमध कुठेतरी होता. एकजण चष्म्याचा, दुसरा तपकिरी कोटातला. चष्मेवाला अगत्याने उठून उभा राहिला, म्हणून मी धरून चालले की हाच मुलगा.

विचारायचं तरी कसं? आई आत होती, दादा सकाळीच बाहेर पडला होता, बाबांना खुणावणं शक्य नव्हतं. मी खुर्चीवर बसले आणि चोरून चष्म्याकडे बघू लागले. नाक बरं होतं. हसणं मोकळं होतं.

थोड्याच वेळात खाली पळापळ झाली. शेजारचे जिना चढून सांगून गेले की नाक्यावर अश्रुधूर सोडलाय, ट्रामही बंद आणि बसही बंद, कुणी खाली उतरू नका. झालं. अर्ध्या तासात उरकायचा कार्यक्रम, आणि पाहुणे आमच्या घरात अडकले. शिक्षण विचारून झालं, गोत्र विचारून झालं, स्वयंपाक येतो का तेही विचारून झालं. मग सगळे गप्प. गप्प बसलं की बाहेरचे आवाज जास्तच ऐकू यायचे, म्हणून बाबांनी विचारलं, "तिकडे कॅनडात हॉकी खेळतात म्हणे?"

बाबांना हॉकीचं फार वेड. ऑफिस सुटल्यावर मैदानाच्या कुंपणाशी उभं राहून त्यांनी कितीतरी सामने बघितले होते. त्यांना वाटलं, दोन वाक्यं बोलणं होईल. पण तो प्रश्न ऐकला आणि दोघे तरुण असे सावरून बसले, जणू ते त्याचसाठी आले होते.

"खेळतात की, पण बर्फावर," तपकिरी कोटवाला म्हणाला.

"बर्फावर?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "पाय घसरत नाहीत?"

"घसरायचंच असतं. बुटांना पाती असतात."

मामांना वेगळीच काळजी. "आणि तो बर्फ वितळत नाही?"

मग कळलं की तिथे चेंडू नसतो, चकती असते, रबराची. ती काठीच्या टोकाने डावीकडे-उजवीकडे नाचवत न्यायची. आणि सगळ्यांत सुंदर कोण नाचवतो, यावर या दोघांचं कॅनडात असल्यापासून भांडण होतं. दोन खेळाडूंची नावं ते घेत होते. नावं फ्रेंच वळणाची, माझ्या कानाला दोन्ही सारखीच. बाबांचीही तीच अडचण झाली असणार, कारण त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "त्यांच्यातला उंच कुठला आणि बुटका कुठला, तेवढं सांगा." त्यानंतर आमच्या घरात ते दोघे उंच आणि बुटका म्हणूनच राहिले.

तपकिरी कोटवाला उंचाच्या बाजूने होता. "त्याचे हात इतके लांब, की चकती कुठल्या कुठे ठेवतो. समोरच्याची काठी पोचतच नाही. खाली बघतही नाही तो."

"लांब हात ही देवाची देणगी झाली," चष्मेवाला म्हणाला. "त्यात कसब कसलं? बुटका बघ. तिघांच्या गराड्यात शिरतो, पायाशी एवढीशी जागा, आणि तेवढ्यातून चकती बाहेर."

"अरे, पण मुळात गराड्यात शिरायचं कशाला? उंच शिरतच नाही."

"भितो म्हणून शिरत नाही!"

बाबा म्हणाले, "तिकडे काठीच्या दोन्ही बाजू वापरतात ना? आपल्याकडे एकच सपाट बाजू. एका बाजूने चेंडू खेळवणं ही खरी कला. तुमचे ते दोघेही आमच्यापुढे..."

मग दोघांनी मिळून बाबांवर हल्ला चढवला, आणि आता कोण कुणाच्या बाजूला आहे हेच मला कळेना.

दुपार झाली. आईने पिठलं-भात टाकला, बाजार बंद म्हणून घरात दुसरं काही नव्हतं. मामा अवघडले. "मुलगी पसंत करण्याआधी तिच्या घरी जेवत नसतात, वहिनी."

"मग काय उपाशी बसवू तुम्हाला?" आई म्हणाली, आणि पानं घेतली.

जेवणानंतर चष्मेवाल्याला राहवेना. शब्दांनी पटत नाही म्हणून त्याने मामांची छत्री उलटी धरली आणि बुटांच्या पॉलिशची डबी फरशीवर टाकली. तपकिरी कोटवाल्याने बाबांची फिरायला जायची काठी घेतली. एकाने उंचासारखं खेळायचं, दुसऱ्याने बुटक्यासारखं. आमच्या दिवाणखान्यात तिपाई सरकवून जागा केली, बाबा मधे पंच. डबी खडखडत इकडून तिकडे जायला लागली. मी खुर्ची भिंतीशी ओढून बघत बसले होते. चष्म्याने झुकांडी दिली, तपकिरी कोटाची काठी लांबून आली, आणि डबी सुसाट येऊन माझ्या खुर्चीखाली शिरली.

मामा ओरडले, "अरे भाच्या, तू मुलगी बघायला आलायस की तिचे पाय फोडायला?"

पण ते चष्म्याकडे बघत नव्हते. तपकिरी कोटाकडे बघत होते.

म्हणजे मुलगा हा होता, चष्मेवाला नुसता त्याचा मित्र. सकाळपासून मी चुकीच्या माणसाबद्दल मत बनवत होते. आता नव्याने सुरुवात करावी, तर या दुसऱ्याबद्दल मला एवढंच ठाऊक, की त्याला उंच खेळाडू आवडतो. मी वाकून डबी काढली. तो घ्यायला पुढे आला, घामाघूम, आणि म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं? कोण चांगला?"

सबंध दिवसात त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "जास्त गोल कोणी केले?"

"त्याचा काय संबंध!" दोघे एकदम म्हणाले.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि दादा आत आला. शर्ट फाटलेला, डोळे लालभडक, नीट उघडतही नव्हते. त्याला धूसर दिसलं ते एवढंच, की घरात दोन अनोळखी माणसं काठ्या घेऊन उभी आहेत आणि त्यांच्यामधे बाबा. तो मागच्या मागे सरकला. "बाबा, पोलीस? घरात कसे घुसले?"

"अरे नाही नाही, पाहुणे आहेत," आई धावली. तिने त्याच्या डोळ्यांवर ओला पंचा ठेवला, त्याला कॉटवर आडवं केलं. काय चाललं होतं ते कुणीतरी त्याला सांगितलं. दादा पंच्याखालून म्हणाला, "खाली माणसं रक्तबंबाळ झालीयत. आणि तुम्ही बर्फावरचा खेळ खेळताय?"

तपकिरी कोटवाल्याने काठी हळूच कोपऱ्यात उभी केली. चष्म्याने छत्रीला पुसण्यासारखं काही नसताना ती पुसली. मला दोघांचा राग आला आणि दयाही आली, आणि यातलं कुठलं खरं ते ठरवता येईना. कारण गेले दोन-तीन तास दादाची आठवण मलाही आली नव्हती.

खूप वेळाने दादाचाच आवाज आला. "तो बुटका तिघांमधून जातो म्हणता. म्हणजे कसा?"

चष्मेवाला कॉटशी जाऊन बसला आणि अगदी हलक्या आवाजात सांगू लागला. दिवेलागणीला गल्ली शांत झाली, तेव्हा तिघे चालतच परळच्या बाजूने गेले.

आठवड्याभराने मामा पसंती सांगून गेले. बाबांनी मला विचारलं, "तुझं काय?" मी म्हटलं, "मला तो माणूसच कळलेला नाही. एकदा बोलायला हवं." त्या काळी हे जरा जास्तच झालं, पण बाबा नाही म्हणाले नाहीत. दादाला सोबत देऊन मला चौपाटीवर पाठवलं. तिकडून तो आला, बरोबर चष्मेवाला. दादा आणि चष्मेवाला चणे घ्यायला म्हणून लांब गेले.

काय विचारावं ते मला सुचेना. शेवटी विचारलं, "तुम्ही त्या उंचाला किती वेळा खेळताना बघितलंत?"

तो वाळूकडे बघत राहिला. "बघितलं नाही."

"एकदाही नाही?"

"घरमालकीणबाई शनिवारी रेडिओ लावायच्या. आम्ही दोघं जाऊन ऐकत बसायचो."

"रेडिओवर हात कसे दिसले तुम्हाला?"

"दिसले म्हणजे... सांगणारा सांगायचा ना. तो एकदा गेला होता सामन्याला," त्याने चष्म्याच्या दिशेने मान केली. "पार वरच्या रांगेत बसला. त्याला चकतीच दिसली नाही."

मला हसू यावं की राग यावा ते कळेना. मग तो आपणहूनच बोलू लागला. तिथे दुपारीच अंधार पडायचा. बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. खोलीत दोघेच. घरचा विषय निघाला की दोघांनाही पुढे बोलणं अवघड व्हायचं. म्हणून एकाने एक खेळाडू घेतला, दुसऱ्याने दुसरा. "तुमच्याकडेही त्या दिवशी तसंच झालं," तो म्हणाला. "बाहेरचे आवाज मला ऐकवत नव्हते. आई गिरगावात एकटी होती."

मी घरी येऊन हो म्हणून सांगितलं. "काय बघितलंस त्याच्यात?" आईने विचारलं. मला धड सांगता आलं नाही. चांगला आहे, म्हटलं. माणूस खोटं बोलला की खरं बोलला, हेच मी ट्राममध्ये बसून ठरवत होते, आणि दादर आलं तरी ठरलं नव्हतं.

लग्न होऊन मी गिरगावात आले. चष्मेवाला माझगावच्या गोदीत नोकरीला लागला होता. रविवारी तो हटकून यायचा, मला वहिनी म्हणायचा, आणि दोघांचं सुरू व्हायचं. मी कान देत नसे. मोरारजी-नेहरूंपासून निवडणुकीपर्यंत घरात इतकं काय काय बोललं जायचं, त्यात हेही एक.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्या वर्षातला असाच एक रविवार. मी मुलाला भरवत होते. आतून ऐकलं, आमचे हे तावातावाने सांगत होते, "गराड्यातून चकती काढतो तो बुटकाच खरा. लांब हात काय, कुणालाही असतात." आणि चष्मेवाला उंचाची बाजू घेत होता.

मी बाहेर आले. "अहो, तुम्ही तर उंचाचे ना?"

दोघे माझ्याकडे बघत राहिले. "नाही बुवा," हे म्हणाले. "मी पहिल्यापासून बुटक्याचा."

"वहिनी, तुमची गल्लत होतेय," चष्मेवालाही शांतपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दादरला जाऊन दादाला विचारलं. त्याने बराच विचार केला. "मला वाटतं, ते दोघेही बुटक्याचे होते. उंचाचे होते ते बाबा."