अश्विनीनं वजन बदललं तेव्हा

नगरच्या एमआयडीसीत आमची ठिबकच्या नळ्यांची कंपनी. मी नळ्यांची भेंडोळी बांधते, अश्विनी लॅबमधी. नेवाशाची पोर. गुनाची हाय, पन बोलायला भारी चिक्कू.

तिचं काम म्हंजे प्लॅस्टिकचे दाने वितळवायचे, वर वजन ठिवून बारक्या भोकातनं पिळायचे, धा मिनिटांत किती उतरलं ते तोलायचं. मी म्हनायची, "एवढं शिकून शेवयाच पाडतीस व्हय? आमी घरी शिकवलं असतं."

"तुमच्या तुटतात, मावशी." चेहरा जरा हलवल तर शपथ.

मागल्या महिन्यात नवे दाने आले आन नळी निघाया लागली मांजराच्या जिभेवानी खरबरीत. आमचे नारायण साहेब म्हनले, "दाणे बरोबर आहेत. लॅबचा आकडा जुन्याइतकाच आहे. भिमाजीचा हात बिघडलाय." भिमाजी बावीस वर्सं नळी काढायच्या मशीनवर. सोमवारपासनं त्याला गोदामात धाडायचं ठरलं.

आकडा अश्विनीनंच दिल्ता. त्या दिवशी ती जेवली न्हाई.

डबा सारला आन जुने-नवे दोन्ही दाने घेऊन बसली. नेहमीचं दोन किलोचं वजन काढून एकवीस किलोचं चढवलं. मी मदतीला हुते. खरं सांगायचं तर चोंबडेपना करायला. जुना माल भराभरा उतरला. नवा आपला रांगतोय.

"आकडा तर एकच हुता की गं?"

"हलक्या वजनाला एकच. मावशी, प्लॅस्टिक म्हणजे नुसत्या साखळ्या, डोळ्याला न दिसणाऱ्या. जुन्यात आखूड-लांब मिसळलेल्या, म्हणून जोर लावला की सरकतात. नव्यात सगळ्या जवळपास सारख्या. मशीनच्या जोराला त्या तशा सरकत नाहीत, भोकातून निघताना ओरबाडतात."

"म्हंजे एका घरात समद्या एकाच वयाच्या जावा. कोन कोनाला वाट देनार?"

पोरगी पहिल्यांदा खुदकन हसली.

भोकातनं उतरून गार झालेली एक तार मी उचलली. केसाएवढ्या तुकड्यात अशा किती साखळ्या असतील, इचारलं.

"मोजायला जन्म पुरणार नाही."

आन हिनं नुसतं वजन बदलून त्यांचा सोभाव काढला हुता. माझ्या अंगावर काटा आला.

अश्विनीनं दोन्ही वजनांचे आकडे लिहून दिले. नारायण साहेबांनी कागद दोनदा वाचला, मग मशीनपाशी गेले. "भिमाजी, आता काय करायचं?"

"थोडा जुना माल मिसळू, उष्णता जरा वाढवू. मशीन मी हळू चालवतो."

सांजच्याला नळी गुळगुळीत निघाली. भिमाजीनं पहिला तुकडा कापला, पुसला, आन साहेबांना वलांडून अश्विनीच्या हातात दिला.