नीमाचं उलथनं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही— आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या मंडळातले नाही, म्हणून असेल.

नीमा टांझानियाहून झाशीला शेतकी शिकायला आली होती. आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. विद्यापीठात तिच्या देशाची ती एकटीच, त्यामुळे पहिले दोन महिने दार लावून घरच्यांशी फोनवर बोलत बसायची. मग एक दिवस आईनं जिन्याखालून हाक मारली, "नीमा, जेवलीस का गं?" तिला काय कळलं देव जाणे— पण पोरगी खाली आली. आणि आलीच. आईला आई म्हणायला लागली, तिच्याकडून मराठी शिकली; मी मात्र दीदी, माझ्याशी हिंदीच. बाबा तिच्यासाठी चिरगाँवहून पांढऱ्या मक्याचं पीठ आणायचे, कारण तिला तिची उगाली हवी असायची. उकळत्या पाण्यात पीठ टाकून घट्ट घोटलेली. आईनं ते पहिल्यांदा पाहिलं आणि ओरडलीच, "अगं बाई, ही तर आपली मोदकांची उकड!"

तिथूनच सगळं सुरू झालं.

झाशीत मराठी घरं मोजकी. गणपतीत नैवेद्याचे मोदक मंडळाच्या हॉलवर सगळ्या बायका मिळून करतात, आणि कुणाची उकड कशी, हे प्रत्येकीला पाठ असतं. माझ्या उकडीत हमखास गुठळ्या. मी दरवर्षी पिठाला नावं ठेवायची— नाचता येईना, अंगण वाकडं. नीमा मात्र तिच्या आईनं दिलेलं लांब लाकडी उलथनं घेऊन उभी राहिली की पीठ निमूट एकजीव व्हायचं. आईनं जाहीरच करून टाकलं, "यंदाची उकड नीमा काढेल." नीमा इतकी हसली— तिचं ते हसू आठवलं की अजून बरं वाटतं. पण तेव्हा? तेव्हा माझ्या पोटात दुखलं.

आमच्याकडे मोदकांचं बोलावणं फोनवर होत नाही. करंडा घेऊन घरी जायचं, कुंकू लावायचं, हातावर अक्षता द्यायच्या. अक्षता आल्या नाहीत तर सख्खी जाऊसुद्धा हॉलची पायरी चढत नाही. नीमाला हे सगळं ठाऊक होतं, आठवडाभर ती वाट बघत होती. शेवटी आईनं करंडा माझ्या हातात दिला. "जा, वर जाऊन तिला बोलावून ये."

मी गेले. तिनं केस मागे घट्ट बांधले होते— कपाळ कुंकवासाठी मोकळं ठेवलं होतं. आणि मी— करंडा मी उघडलाच नाही. म्हटलं, "नीमा, कमेटीवाले मना कर रहे हैं. कहते हैं, भोग को बाहर का कोई हाथ नहीं लगाएगा."

कमिटीतलं कुणीही असं म्हणालं नव्हतं. एका शब्दानंही नाही. ते वाक्य माझं होतं.

तिनं बांधलेले केस सोडले. मग म्हणाली, "कोई बात नहीं, दीदी. फिर उकड कौन करेगा?"

"मैं."

"तो चलिए, सिखाती हूँ. सब के सामने गुठली नहीं पड़नी चाहिए."

आणि तिनं शिकवलं, हो! माझ्या हातावर हात ठेवून, दुपारभर. आईला मी सांगितलं, तिची परीक्षा आहे. तिच्या वाटच्या अक्षता गच्चीवर चिमण्यांना टाकल्या.

त्या वर्षी माझ्या उकडीत एक गुठळी नव्हती. बायकांनी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

संध्याकाळी आईनं तिला मोदक देताना विचारलं, "पेपर कसा गेला गं?" नीमानं माझ्याकडे पाहिलं. मग आईला म्हणाली, "चांगला गेला, आई." तिला तेव्हाच सगळं कळलं असेल का? की तिला वाटलं, मंडळाचा कोतेपणा आईला कळू नये म्हणून मी खोटं बोलले? म्हणजे माझ्या खोटेपणातही तिनं चांगुलपणाच शोधला? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

पुढच्या गणपतीत ती दिल्लीला, तिच्या देशातल्या विद्यार्थ्यांकडे गेली. शिक्षण संपवून निघाली तेव्हा आईच्या गळ्यात पडून रडली, आणि ते उलथनं माझ्या हातात देऊन म्हणाली, "दीदी, ये मंडल के लिए."

मंडळासाठी.

अजूनही गणपतीत तिचा आईला फोन येतो. दोघी मराठीत बोलतात, मी शेजारी बसून हसते. मंडळाची उकड आता दरवर्षी मीच काढते, त्याच उलथन्यानं. यंदा एक नवी सून ते हातात घेऊन म्हणाली, "काकू, कितना बढ़िया है! कुठून आणलंत?"

मी म्हटलं, "सदर बाजारातून."